तेरा इद्रिस

माझ्या आवाजाबद्दल आमच्या ऑल्डरक्लफ गावात दुमत नाही. माझा नवरा वॉल्टर म्हणतो, विनी एकदा ओरडली की पाहुण्या संघाची बस घाटातूनच मागे वळते. मी हे कौतुक समजते. सव्वीस वर्षं मी गिरणीत माग चालवतेय. चारशे माग एका छपराखाली खडखडायला लागले की शेजारणीचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही, म्हणून आम्ही बायका ओठांनी बोलतो. आवाज काढायचा नाही, पण तोंड असं उघडायचं आणि मिटायचं की चार रांगा पलीकडची बाई शब्द डोळ्यांनी वाचते. कुणाचं लग्न मोडलं, कुणाला दिवस गेले, मुकादमाचं आज का बिनसलंय, सगळं कळतं. आठवडाभर असं मुक्यानं बोलून पोटात जो आवाज साठतो तो शनिवारी दुपारी मैदानावर बाहेर काढायचा, ही आमची रीत.

त्याच आवाजानं सत्तावन सालच्या फेब्रुवारीत मी एका गुणी पोराचं वाटोळं करायला निघाले होते.

वॉल्टर क्लबचे बूट आणि जर्सी सांभाळतो. चाचणीसाठी आलेले खेळाडू आमच्याकडेच उतरतात, कारण आमच्याकडे एक खोली रिकामी आहे आणि, वॉल्टरच्या भाषेत, माझ्या हातच्या मटणाच्या पाईमुळे पोरं करारावर लवकर सही करतात. यातले बरेचसे वेल्सचे. तिकडे रग्बी पंधरा जणांची, हौशी साहेबलोकांची. आमची तेरा जणांची, पगार घेऊन खेळणाऱ्यांची. साहेबांचा नियम असा की त्यांच्यातल्या कुणी आमच्या मैदानावर नुसता पाय जरी ठेवला तरी तो बाटला. जन्मभरासाठी. पुन्हा त्यांच्यात खेळायचं नाही, क्लबच्या दारातही उभं राहायचं नाही. हौशी धावपटूंचं आणि मुष्टियोद्ध्यांचं मंडळही तसंच सोवळं. मग चाचणीला आलेल्या पोराचं नाव कोण छापणार? संघाच्या यादीत त्या जागी 'अमुक तमुक' असं छापून येतं. सगळ्या गावाला माहीत असतं, आणि सगळं गाव गप्प असतं.

या वेळचा आमचा अमुक तमुक म्हणजे इद्रिस प्रॉसर. बावीस वर्षांचा, उंच, काटक, आणि इतका सभ्य की पहिल्या दिवशी बशीतला शेवटचा बटाटा त्यानं तीनदा माझ्याकडे सरकवला. तीन शनिवार, तीन सामने, असा बोलीचा करार. तिसऱ्या सामन्यानंतर समिती सांगणार, ठेवतो किंवा घरी जा.

"विनी," वॉल्टरनं पहिल्याच दिवशी मला बजावलं, "याचं नाव तुझ्या तोंडून घराबाहेर पडता कामा नये. हाक मारायचीच तर अमुक म्हण."

"मी काय लहान आहे?" मी म्हटलं.

"लहान असतीस तर आवाजही लहान असता."

तिसऱ्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी इद्रिस चुलीपुढे चिंध्यांच्या सतरंजीवर पाय पसरून बसला होता. ती सतरंजी मी स्वतः ओवलेली आहे, वॉल्टरच्या जुन्या कोटांची आणि माझ्या सासऱ्यांच्या विजारींची. पोराचा कान फाटलेला, डोळ्याखाली निळं, आणि हातात चहाचा तिसरा मग. मी विचारलं, "काय रे, तिकडे तू नेमकं काय काय खेळतोस?"

तो हसला. "काय खेळत नाही ते विचारा. दोनशे वीस यार्डांत जिल्ह्याचा पहिला. मुष्टियुद्धात दोन वर्षं आमच्या खोऱ्याचं पदक. उन्हाळ्यात क्रिकेट, स्लिपमध्ये उभा राहतो. हिवाळ्यात पंधरा जणांची रग्बी."

"मग एवढं सगळं सोडून इथे कशाला मरायला आलास?"

"कारण सगळीकडे मी दुसराच आहे हो. धावण्यात देशाच्या निवडीत दुसरा. मुष्टियुद्धात अंतिम फेरीत हरलो. रग्बीत वेल्सच्या निवड सामन्यात राखीव बाकावर बसलो. बाबा म्हणतात, एक ना धड, भाराभर चिंध्या." मग तो पुढे वाकून बसला आणि त्याचे डोळे असे चमकायला लागले की मी विणकाम खाली ठेवलं. "पण गेल्या दोन शनिवारी काय झालं सांगू? इथे चेंडू थांबतच नाही. एक जण अंगावर आला की मुष्टियुद्धातले पाय कामाला येतात. उंच चेंडू आला की स्लिपमधले हात. आणि फट दिसली की मग काय, दोनशे वीस यार्ड! मिसेस टॅटरसॉल, मला पहिल्यांदा वाटलं, माझं सगळं एकाच ठिकाणी लागतंय. मला हेच खेळायचंय!"

"मग खेळ की!"

त्याचा चेहरा उतरला. "बाबा आमच्या क्लबचे चिटणीस आहेत. वीस वर्षं झाली. जो कुणी इकडे येतो त्याला काढून टाकल्याचं पत्र बाबाच लिहितात, स्वतःच्या अक्षरात. दोन वर्षांपूर्वी माझा मित्र ओवेन आला. बाबांनी पत्र लिहिलं आणि भिंतीवरच्या फोटोतला ओवेन कात्रीनं कापला. आता तो गावी आला की आम्हाला टाळून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं चालतो."

"त्यांना तू काय सांगून आलास?"

"मँचेस्टरला शर्यतीचा सराव आहे म्हणून. माझी निवड झाली तर मीच त्यांना सांगेन, तोंडावर. पण उद्या तुमच्या समितीनं नाही म्हटलं आणि तिकडे कळलं, तर मी इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही. मग मी कुठेच धावायचं नाही. बाविसाव्या वर्षी."

वॉल्टर माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी हवा अशी की तोंडातून वाफ निघावी. मैदानाचा एक कोपरा आम्हा मागावरच्या बायकांचा. शेजारी माझी मैत्रीण बर्था, हातात वाटाण्याचा पेला आणि तोंडात थॉर्नलीवाल्यांसाठी शिव्या. थॉर्नली म्हणजे पुढच्या खोऱ्यातलं गाव. त्यांच्याशी आमचं वैर इतकं जुनं की कशावरून सुरू झालं ते आता कुणालाच ठाऊक नाही, पण त्यामुळे काही अडत नाही.

सामना सुरू व्हायच्या आधी एक अनोळखी माणूस आमच्या पायरीवर येऊन उभा राहिला. साठीचा, ताठ, गुळगुळीत दाढी, चांगल्या कापडाचा ओव्हरकोट. कापड मला लगेच कळतं. कोटाचं वरचं बटण उघडं होतं आणि आत गडद निळ्या ब्लेझरचा बिल्ला दिसत होता. त्यानं खिशातून लहानशी वही आणि पेन्सिल काढली.

बर्थानं माझ्याकडे तोंड वळवलं आणि ओठांनीच म्हणाली, 'हेर.'

असे हेर येतात हे ऐकलं होतं. साहेबांच्या क्लबांचे ब्लेझरवाले येतात, चेहरे बघतात, नाव मिळालं की टिपून घेतात.

"माफ करा, बाई," माणूस मला म्हणाला. बोलण्यात वेल्सचा हेल. "तुमच्याकडचा तो पाच नंबर कोण?"

"छापलंय की," मी म्हटलं. "अमुक तमुक."

"बरीच वर्षं खेळतोय का हा अमुक?"

"याचा बाप पण इथेच खेळायचा," बर्था मधेच म्हणाली. "थोरला तमुक. कमरेत उसण भरली म्हणून सोडलं."

माणसानं टोपीला हात लावून आमचे आभार मानले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

पहिल्या अर्ध्यात आमच्या पोरानं माती खाल्ली, अगदी खरोखरची. थॉर्नलीकडे एक आडदांड गडी होता, त्याला सगळे कसाई म्हणायचे आणि तो खरंच कसाई होता, बाजारात त्याचं दुकान आहे. त्यानं इद्रिसला दोनदा असं आपटलं की पायरीवर आमच्या पायांना कळलं. तिसऱ्यांदा इद्रिसच्या हातून चेंडू सुटला आणि थॉर्नलीनं तो रेषेपलीकडे टेकवून ट्राय केला, म्हणजे तीन गुण. समितीवाले आपल्या बाकावर मान हलवायला लागले. माझ्या नखांची वाट लागली.

"पोरगं घाबरलंय," बर्था म्हणाली.

"घाबरलेलं नाही. विचार करतंय. विचार करत खेळतंय म्हणून मार खातंय."

"तुझा फारच जीव जडलाय त्याच्यावर."

"माझी पाई तीनदा मागून खाल्लीये त्यानं!"

मध्यंतरानंतर आम्ही पाचला दहा असे मागे होतो. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, बहुतेक विचार करायला ताकदच उरली नसावी, पोरगं सुटलं. थॉर्नलीनं चेंडू आभाळात उडवला, खाली तिघं जण, आणि या पठ्ठ्यानं पाठीमागे झुकून तो एका हातात झेलला, स्लिपमध्ये उभा राहतो ना, अगदी तस्सा! पायऱ्यांवर गलका झाला. कसाई धावत आला. इद्रिसचे पाय मुष्टियोद्ध्यासारखे नाचले, एक इकडे, एक तिकडे, आणि कसाई हवेला मिठी मारून तोंडावर पडला. पुढे मोकळं मैदान. सत्तर यार्ड.

तो पळाला. अरे, तो काय पळाला! चिखलात आमची पोरं पळतात ती बैलासारखी, ढोपरं उचलत. हा चिखलावरून जात होता, चिखलातून नाही. थॉर्नलीचे दोघं बाजूनं कापत येत होते, त्यानं मान मागे टाकली, आणि माझं भान सुटलं.

"पळ! पळ, इद्रिऽऽऽस! इद्रिस, पोरा, पळ!"

सव्वीस वर्षांचा साठलेला आवाज. समोरच्या छपरावरची कबुतरं उडाली. इद्रिसला रेषेजवळ दोघांनी धरलं, पण पडता पडता त्यानं चेंडू आत दिला आणि आपल्या एका गड्यानं तो टेकवला. ट्राय! आठला दहा. सगळं मैदान नाचत होतं, आणि आमचा कोपरा मात्र थिजला होता. बर्थाचा वाटाण्याचा पेला अर्ध्यात थांबला. माझा हात तोंडावर गेला, पण आता काय उपयोग? बैल गेला आणि झोपा केला.

ब्लेझरवाला सावकाश माझ्याकडे वळला. पेन्सिल वहीवर टेकलेली.

"काय म्हणालात आपण, बाई?"

पोर चुलीपुढे बसून बोललेलं सगळं डोळ्यांपुढून गेलं, मी कुठेच धावायचं नाही, आणि मला अक्षरशः रडू आलं. मी तोंड फिरवलं ते रडू लपवायला. समोर, कोपऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, आमच्या शेडमधली बेसी उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. 'विने, काय झालं?'

मग मला सुचलं.

मी ओठ उघडले. आवाज नाही. 'सगळ्यांना इद्रिस म्हणा. सगळ्यांना. पुढे पाठव.'

बेसीनं मान डोलवली आणि वळली. तिच्याकडून अॅग्नेसला. अॅग्नेसकडून छपराखालच्या बायकांना. तिथून गोलखांबांच्या मागे उभ्या असलेल्या सूतकताईच्या पोरींना. मैदानाभोवती बायकांची तोंडं एकामागून एक उघडत-मिटत गेली, एक आवाज नाही, आणि ब्लेझरवाला माझ्याकडेच बघत राहिला. एका मिनिटात निरोप फिरून माझ्याकडे परत आला.

सुरुवात बर्थानं केली. आमचा आघाडीचा गडी जो क्लेग, एकशे दहा किलो, डोक्यावर तीन केस, चेंडू घेऊन कूच करत होता. बर्था किंचाळली, "शाबास, इद्रिस! पळ, माझ्या राजा!"

जो थबकला. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा मागे वळून बघितलं.

"तूच, तूच रे इद्रिस! पुढे बघ!"

मग लोण पसरलं. कप्तानाला इद्रिस, बुटक्याला इद्रिस, जायबंदी होऊन बाहेर बसलेल्याला "ऊठ रे इद्रिस, किती लोळशील!" पुरुषांना काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण आमच्या गावचे पुरुष बायकांच्या मागून ओरडायला शिकलेले आहेत. पंचानं आमच्याविरुद्ध शिट्टी फुंकली तेव्हा सहा हजार लोक एका सुरात म्हणाले, "अरे इद्रिस, चष्मा लाव!" एक कुत्रं मैदानात शिरलं, त्याचंही बारसं झालं. कसाई जाम वैतागला. "तुमच्याकडे कुणाला दुसरं नाव आहे की नाही?" तो कुंपणाजवळ येऊन गरजला.

"आहे की!" बर्था म्हणाली. "तू. तू गाढव!"

मी ब्लेझरवाल्याकडे चोरून बघितलं. त्यानं वही मिटली होती. ओठांचा कोपरा एकदा हलला, एकदाच. मग त्याचं लक्ष पुन्हा मैदानावर गेलं आणि मला जरा विचित्र वाटायला लागलं. हा बाकी कुणाकडेच बघत नव्हता. सहा हजार माणसं तेरा जणांना इद्रिस म्हणत होती आणि या माणसाचे डोळे पाच नंबरवरून हलत नव्हते. कसाई पाच नंबरवर धावून गेला की याची बोटं कुंपणाच्या लोखंडावर आवळत. पाच नंबर उठला की बोटं सुटत.

घड्याळात तीन मिनिटं. आठला दहा. आमची पोरं इंच इंच पुढे सरकत होती, आपटत, उठत, चेंडू पायाखालून मागे देत. माणूस काहीतरी पुटपुटत होता. हेराचे ओठ वाचायला मिळाले तर मी कशी सोडणार? पण त्यातलं एक अक्षर मला कळेना. सव्वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मग उमगलं, भाषाच वेगळी आहे. वेल्सची आहे. आणि दर चार शब्दांनी एक शब्द मात्र मला येणारा होता.

इद्रिस.

मी त्याच्याजवळ सरकले. "तुम्ही त्याचे कोण?"

त्यानं मैदानावरून नजर काढली नाही. "त्याला चालायला मी शिकवलं, बाई," तो म्हणाला. "मागच्या दोन रविवारी घरी आला तेव्हा शर्यतीचे बूट स्वच्छ होते, खिशात ऑल्डरक्लफचं तिकीट आणि कान फाटलेला. मँचेस्टरला कुठल्या शर्यतीत कान फाटतो?"

तेवढ्यात चेंडू सुटला. जो क्लेगकडून कप्तानाकडे, कप्तानाकडून शेवटी, अगदी कडेला, पाच नंबरकडे. आमच्याच कोपऱ्याच्या दिशेनं. समोर फक्त कसाई. इद्रिसला जागा किती, तर टेबलाएवढी. एका बाजूला रेषा, दुसऱ्या बाजूला शंभर किलो मटण. मी ओरडायला तोंड उघडलं.

आणि माझ्या कानाशी तोफ डागली गेली. प्रार्थनामंदिरात आयुष्यभर गाऊन कमावलेला आवाज होता तो. वेल्सच्या भाषेत तीन शब्द, आणि शेवटी, "इद्रिस!"

त्या गलक्यात त्याचं नाव शंभरदा घेतलं गेलं होतं आणि त्यानं एकदाही वर बघितलं नव्हतं. या हाकेला त्याची मान टचकन उचलली गेली. अर्धा क्षण. मला वाटलं संपलं, आता चेंडू सुटणार. पण त्याचा डावा पाय चिखलात रोवला गेला, शरीर आत वळलं, कसाई रेषेबाहेर बसलेल्या पाणीवाल्या पोरांवर जाऊन कोसळला, आणि आमचा पोरगा लांब झेप घेऊन कोपऱ्यात पडला. चेंडू छातीखाली. माझ्या पायांपासून सहा फुटांवर.

अकराला दहा!

बर्थानं मला, मी बेसीला, बेसीनं एका पोलिसाला मिठी मारली. वाटाणे सगळ्यांच्या अंगावर. मी रडत होते, हसत होते, आणि माझा आवाज पार बसला होता. इद्रिसनं चिखलातून तोंड वर केलं. कुंपणापलीकडे त्याचा बाप उभा होता, ब्लेझर, बिल्ला आणि हातात टोपी. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग सवंगड्यांनी पोराला उचलून नेलं.

"तुम्ही डाव्या पायाचं ओरडलात ना?" मी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"तो घाईत नेहमी उजवा टाकतो," मि. प्रॉसर म्हणाले. मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "माझं गेल्या शनिवारीच यायचं ठरलं होतं. मँचेस्टरच्या स्टेशनवरून परत फिरलो."

मी त्यांना घरी घेऊन आले. अशा माणसाला थंडीत स्टेशनवर सोडणं आमच्यात बसत नाही, मग तो हेर का असेना. त्यांच्यापुढे पाई ठेवली, वाटाणे ठेवले. त्यांनी काटा-सुरीला हात लावला नाही. चिंध्यांच्या सतरंजीकडे बघत बसले.

वॉल्टर आणि इद्रिस आले तेव्हा वॉल्टरच्या चेहऱ्यावर समितीची बातमी होती. ठेवलंय! तीन वर्षांचा करार! पण आत पाऊल टाकताच त्यानं ब्लेझर बघितला आणि त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. इद्रिस दारात उभा. केस ओले, ओठ फाटलेला.

"बाबा."

"बस."

"तुम्हाला जे लिहायचं ते लिहा. मी नाही म्हणणार नाही."

मि. प्रॉसरनी वही काढून टेबलावर ठेवली. "काय लिहू? मी चिटणीस म्हणून आलो होतो. नाव ऐकलं, खोटं बोलणार नाही. पण मैदानावर तेरा इद्रिस होते. एक टकलू, एक पंच आणि एक कुत्रा धरून. यादीत एकही नाही. असा पुरावा कुठलीच समिती घेणार नाही. सोमवारी तू घरी आलास तर तू मँचेस्टरला होतास. उन्हाळ्यात धाव. पुढच्या वर्षी पुन्हा वेल्सच्या निवडीला उतर. कुणाला कळणार नाही."

मी श्वास सोडला. पोरगं वाचलं होतं. माझी चूक निस्तरली होती. मला इद्रिसला ओठांनी सांगायचं होतं, घे, मोकळा झालास.

पण त्याचा चेहरा मोकळा दिसत नव्हता.

"बाबा," तो म्हणाला, "आज तुम्ही मला हाक मारलीत. वेल्सच्या निवड सामन्याला तुम्ही आला होतात, तेव्हा बाकावरच्या पोराला कशाला हाक माराल? आज मी खेळत होतो. मी कुठेतरी पहिला होतो." तो टेबलापाशी आला. "मला अमुक म्हणून नाही खेळायचं. मला इथे खेळायचंय, माझ्या नावानं. तुम्ही पत्र लिहा."

वॉल्टरनं हळूच टोपी काढली. चुलीवर किटली उकळायला लागली आणि मी ती उतरवायला उठले नाही.

मि. प्रॉसरनी वही खिशात घातली. मग माझ्याकडे वळले. "मिसेस टॅटरसॉल, घरात शाई आहे का?"

मी दौत आणि टाक आणून दिला. काय करणार? त्यांनी कागद सरळ केला आणि सुंदर गोल अक्षरात लिहायला घेतलं. आम्ही तिघं उभे. इद्रिसच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो पुसत नव्हता. पत्र संपलं, त्यांनी सही केली, शाई टिपली. नियम तो नियम, पण मला त्या क्षणी त्या माणसाचा इतका राग आला की टाक हिसकावून घ्यावा वाटलं.

त्यांनी दुसरा कागद ओढला. हे पत्र दोन ओळींचं होतं. तेही टिपलं, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. मी वाचली, मला कुणी नको म्हटलं नाही. पहिल्यात इद्रिस प्रॉसरला क्लबातून काढलं होतं. दुसऱ्यात गेथिन प्रॉसरनी चिटणीसपद सोडलं होतं.

"फोटो कापायचं काम आता पुढचा चिटणीस करेल," ते म्हणाले. "मला कात्री धरवणार नाही." मग पाई पुढे ओढली. "ही गार झाली का?"

इद्रिस बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. मी पाई गरम केली. बावीस वर्षांचं पोरगं आणि साठीचा म्हातारा, दोघांनी मिळून चार पाई फस्त केल्या.

दोन आठवड्यांनी घरच्या मैदानावर सामना होता. मि. प्रॉसर सकाळच्या गाडीनं आले आणि थेट आमच्या पायरीवर. अंगात साधा कोट, ब्लेझर नाही. बर्थानं त्यांना वाटाणे दिले आणि थोरले तमुक म्हणून हाक मारली. जो क्लेग मैदानात आला तर पोरं ओरडली, "आला आला, इद्रिस आला!" त्यानं हात उंचावून सलामी दिली. ते नाव त्याला आता जन्मभर चिकटणार हे त्यानं ओळखलं होतं.

मि. प्रॉसरनी यादी विकत घेतली, उघडली, आणि पाच नंबरच्या ओळीवर बोट ठेवलं. बोट तिथेच राहिलं. मग त्यांनी ती यादी माझ्यापुढे धरली. त्यांना बोलायला जमत नव्हतं, म्हणून नुसते ओठ हलवले. कुठून शिकले कुणास ठाऊक, पण मला स्वच्छ वाचता आलं.

'आता ओरडा, मिसेस टॅटरसॉल.'

मी छाती भरून श्वास घेतला आणि त्याचं नाव घेतलं.